काचेच्या चार कोटी पट? झेड-स्कॅनच्या आकड्याने झोप उडाली आहे

निळीशाई | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. धागा जरा रुक्ष आहे, पण विचारायला दुसरी जागा नाही. प्रयोगशाळेत विचारलं तर "आकडा चांगला आलाय ना, मग उगाच कशाला उकरतेस?" असं उत्तर मिळालं.

मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विषय आहे ऑक्साईड नॅनोकंपोझिटचे अरेषीय, म्हणजे नॉनलिनिअर, प्रकाशीय गुणधर्म. माझा नमुना म्हणजे झिंक ऑक्साईडचे २५-३० नॅनोमीटरचे कण, त्यांच्या अंगावर चिकटवलेले सोन्याचे त्याहून बारीक कण, आणि हे सगळं इथेनॉलमध्ये तरंगत ठेवलेलं. रंग जांभळाच्या सरबतासारखा येतो. बाटली खिडकीत ठेवली की बघत बसावंसं वाटतं.

या सरबतावर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर टाकून मी झेड-स्कॅन केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लेझर भिंगाने एका बिंदूत आणायचा, नमुना त्या बिंदूच्या अलीकडून पलीकडे हळूहळू सरकवत न्यायचा, आणि लांब ठेवलेल्या बारक्या भोकातून किती उजेड येतो ते मोजत राहायचं. तीव्र उजेडाने नमुन्याचा अपवर्तनांक (उजेड किती वाकतो त्याचं माप) बदलत असेल तर नमुना स्वतःच भिंग बनतो, आणि भोकातला उजेड एका बाजूला वाढतो, दुसऱ्या बाजूला घटतो. आलेखावर एक टेकडी आणि एक खड्डा. त्यांच्या उंचीतल्या फरकावरून अपवर्तनांक किती बदलला ते निघतं. १९८९-९० मध्ये फ्लोरिडात मन्सूर शेख-बहाई, एरिक व्हॅन स्ट्रायलंड आणि मंडळींनी ही पद्धत मांडली. एक लेझर, एक भिंग, एक सरकतं स्टेज, एक डिटेक्टर. एवढ्यात काम होतं, म्हणून जगभर सगळे तीच करतात.

माझा आकडा आला उणे १० चा उणे १२ वा घात, वर्ग मीटर प्रति वॉट. साध्या सिलिका काचेचा आहे २.५ गुणिले १० चा उणे २० वा घात. चिन्ह सोडलं तर माझं सरबत काचेच्या चार कोटी पट जोरदार! असे आकडे पेपरांत छापलेले सर्रास दिसतात, त्यामुळे सर खूश आहेत. मला मात्र झोप नाही. एवढं कुठून येईल?

टवाळ | रात्री ११:५२

चार कोटींवर टीडीएस कापला का?

पुरणयंत्र | बुधवार, सकाळी ६:१५

ताई, झिंक ऑक्साईड म्हणजे आमच्या आजीच्या डबीतलं यशद भस्मच ना? त्यावर सोनं म्हणजे सुवर्णभस्म. तुम्ही तर चाटण करून ठेवलंय, फक्त मध घालायचा राहिला.

थट्टा सोडा, पण "अरेषीय" म्हणजे काय ते कुणी साध्या भाषेत सांगेल का? उजेड काचेतून जातो, संपलं. त्यात रेष कुठली आणि अरेष कुठली?

भोंगेवाला | सकाळी ८:०५

पुरणयंत्र ताई, मला लेझरमधलं ओ की ठो कळत नाही, पण हा शब्द आमच्या धंद्यातला आहे, म्हणून तोंड घालतो. साउंडचं काम करतो.

आवाज बेताचा ठेवला की अँप्लिफायर आत आलेली लाट जशीच्या तशी मोठी करून बाहेर सोडतो. दुप्पट द्या, दुप्पट घ्या. ही झाली सरळ रेष. मिरवणुकीत कार्यकर्ता येतो आणि खटका शेवटपर्यंत फिरवतो. आता लाटेचा शेंडा छताला टेकतो आणि कापला जातो. यालाच आपण आवाज फाटला म्हणतो. मीटरवर बघाल तर आत एकच स्वर दिलेला असतो, आणि बाहेर त्याच्या जोडीला तिप्पट, पाचपट कंपनांचे स्वर निघालेले असतात. जे आत नव्हतं ते बाहेर आलं.

एक बारकावा. लाट वरून आणि खालून सारखीच कापली गेली तर फक्त तिप्पट, पाचपट असे विषम स्वर येतात. दुप्पट यायला कापणं एकांगी लागतं. लेझरवाल्यांकडे असंच असतं का?

निळीशाई | सकाळी ९:३०

भोंगेवाला दादा, माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तुम्ही दहा ओळींत लिहिलंत. अगदी असंच असतं!

तुमच्या स्पीकरच्या पडद्याच्या जागी अणूभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा ढग घ्या. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र त्याला मागेपुढे हलवतं. उन्हाने तो इतका कमी हलतो की सगळं सरळ रेषेत चालतं. ऊन म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ०.१ वॉट. ७ नॅनोसेकंदांची १०० मायक्रोजूलची एक पल्स २० मायक्रॉन त्रिज्येच्या ठिपक्यावर आणली की दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ गिगावॉट होतात, उन्हाच्या एक हजार कोटी पट. तिथे ढग फाटायला लागतो.

आणि तो सारखं कापण्याचा मुद्दा: काचेची रचना सगळ्या बाजूंनी सारखी, म्हणून तिच्यातून दुप्पट कंपनं निघत नाहीत. क्वार्ट्झचा स्फटिक एकांगी असतो, त्यातून निघतात. दोन्ही सिलिकॉनचे ऑक्साईडच बरं का, फरक फक्त मांडणीचा. १९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन यांच्या गटाने माणिक लेझरचा ६९४.३ नॅनोमीटरचा लाल झोत क्वार्ट्झमधून सोडला, आणि फोटोच्या प्लेटवर ३४७ च्या, म्हणजे दुप्पट कंपनांच्या, जागी एक बारीक ठिपका उमटला. माणिक म्हणजे तरी काय, क्रोमियमचा अंश असलेलं ॲल्युमिनियम ऑक्साईड. तर तो ठिपका छापणाऱ्यांना डाग वाटला आणि त्यांनी तो साफ करून टाकला. छापून आलेल्या चित्रात बाण आहे, बाणाच्या टोकाशी काहीच नाही.

माझ्या झिंक ऑक्साईडचा स्फटिकही एकांगीच, पण द्रवात कण हवे तसे लोळत असतात. मी मोजतेय ते पुढचं, तिसऱ्या क्रमाचं: उजेडाच्या तीव्रतेने अपवर्तनांक बदलणं.

जुना_ऑसिलोस्कोप | सकाळी ११:१०

पोरी, अभिनंदन नंतर. तीसेक वर्षं लेझरच्या प्रयोगशाळेत घालवून आता घरी कुंड्यांना पाणी घालतो. तू वर गिगावॉटची गोष्ट सांगितलीस, पण स्वतःचा लेझर कुठला ते लिहिलं नाहीस. तेव्हा आधी उत्तरं दे.

लेझर पल्सचा की सतत चालणारा? किती मिलीवॉट? बिंदूवर त्रिज्या किती? क्युव्हेट, म्हणजे नमुन्याची काचेची डबी, किती जाड? आधी टेकडी की आधी खड्डा, आणि दोघांत अंतर किती? नुसतं इथेनॉल ठेवून स्कॅन केलंस का? डिटेक्टरचं तोंड केवढं आहे?

निळीशाई | दुपारी १:२५

काका, सतत चालणारा. १०० मिलीवॉट. त्रिज्या ३० मायक्रॉन. क्युव्हेट १ मिलीमीटर. आधी टेकडी, मग खड्डा; अंतर १४ मिलीमीटर. नुसत्या इथेनॉलला काहीच आलं नाही, सपाट रेघ. डिटेक्टरचं तोंड ३ मिलीमीटर.

टवाळ | दुपारी १:३१

काकांनी लेझर नाही, जावई तपासायला घेतलाय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुना_ऑसिलोस्कोप | दुपारी ४:००

दुपारची झोप सोडून हिशोब केला. बघ पटतो का.

१०० मिलीवॉट, ३० मायक्रॉन: मध्यभागी तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला ७ किलोवॉट. गिगावॉट नव्हे, किलोवॉट. तुझा आकडा त्याला गुण, म्हणजे अपवर्तनांकातला बदल ०.००००७ निघतो.

आता दुसरा आकडा. इथेनॉल एका अंशाने तापलं की त्याचा अपवर्तनांक ०.०००४ ने उतरतो. त्रैराशिक मांड. ०.००००७ साठी किती तापायला हवं? ०.१८ अंश. एक पंचमांश अंशसुद्धा नाही. तुझ्या त्या जांभळाच्या सरबतातलं सोनं ५२०-५३० च्या आसपासचा हिरवा उजेड गटागटा पितं, रंग त्यामुळेच तर आहे, आणि तू नेमका ५३२ सोडलास. प्यायलेला उजेड जाणार कुठे? स्पिरिट पाव अंशाहूनही कमी कोमट झालं, एवढीच बातमी आहे.

उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं ना, तेच तुझ्या क्युव्हेटमध्ये झालंय. तापलेली जागा विरळ होते आणि उजेडाला बाहेर फाकवते. म्हणून चिन्ह उणे, म्हणून आधी टेकडी मग खड्डा. आणि तुझे १४ मिलीमीटर पाहा. ३० मायक्रॉनच्या ठिपक्याला रेलेचं अंतर, म्हणजे बिंदूपासून झोत बारीक राहतो तेवढी लांबी, येतं ५.३ मिलीमीटर. खऱ्या इलेक्ट्रॉनी परिणामात टेकडी-खड्ड्याचं अंतर त्याच्या १.७ पट, म्हणजे ९. तुझं १४ आलं, कारण उष्णता ठिपक्याच्या बाहेर पसरते आणि भिंग ठिपक्यापेक्षा मोठं होतं. आलेख ओरडून सांगतोय, ऐकणारं कुणी नव्हतं.

नुसत्या इथेनॉलला सपाट रेघ येणारच. ते हिरवा उजेड पीतच नाही, तर तापणार कशाने? ब्लँक केलंस हे चांगलं केलंस, पण या प्रश्नाचं उत्तर ते ब्लँक देत नाही.

आणि भोक काढून घेतल्यावर मधोमध खड्डा आला असेल, त्याला तू दोन फोटॉनांचं शोषण म्हटलं असशील. खरं ना?

निळीशाई | सायंकाळी ५:१५

काका... खरं आहे. एक अख्खं उपप्रकरण आहे त्यावर. झिंक ऑक्साईडचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मारावी लागणारी ऊर्जेची उडी, ३.३७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, ५३२ चा एक फोटॉन २.३३ चा. एकट्याला उडी जमत नाही, दोघे मिळून ४.६६, सहज पार. असं छान जुळत होतं.

जुना_ऑसिलोस्कोप | सायंकाळी ६:४०

जुळतं, पण किती? मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये छापून आलेल्या प्रबंधात दोन फोटॉन एकदम गिळण्याचं गणित मांडलं. ते प्रत्यक्ष दिसायला लेझर यावा लागला, १९६१. तीस वर्षं का थांबावं लागलं? कारण दोन फोटॉन एकाच क्षणी एकाच दारात यायला गर्दी लागते. झिंक ऑक्साईडचा हा गुणांक ५३२ ला साधारण ४-५ सेंटीमीटर प्रति गिगावॉट. तुझे ७ किलोवॉट त्यात घाल: एक सेंटीमीटर निव्वळ स्फटिक असता तरी लाखात तीनेक भाग. तुझ्याकडे एक मिलीमीटर पातळ सरबत आहे. दिसणं शक्य नाही.

मग खड्डा कुठला? ३ मिलीमीटरचं तोंड. बिंदूजवळ नमुना झोताला इतका फाकवतो की कडेचा उजेड डिटेक्टरच्या बाहेर सांडतो. डिटेक्टर म्हणतो कमी आला, तू म्हणतेस गिळला. पुढे एक मोठं भिंग लावून सगळा उजेड गोळा कर, खड्डा जातो की नाही बघ.

पुरणयंत्र | सायंकाळी ७:३०

काका, तुमचं लिहिणं कळतंय, पण त्या पोरीचा जीव काय झाला असेल! जरा गोडीने.

हिमकण_येना | रात्री ११:०५

जर्मनीत फायबर लेझरवर काम करतो, भर घालतो. आमच्याकडे काचेचा हा गुणधर्म शत्रू आहे. १ गिगावॉट प्रति चौरस सेंटीमीटरलाही काचेचा अपवर्तनांक जेमतेम सातव्या दशांश स्थळी हलतो, पण मीटर-मीटर लांब फायबरमध्ये ते साठत जातं आणि झोत स्वतःलाच बिघडवतो. म्हणून पल्स आधी ताणून लांब करायची, मग तिची शक्ती वाढवायची, मग परत आवळायची. डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये रॉचेस्टरला हे केलं, २०१८ मध्ये त्यावर नोबेल मिळालं.

निळीशाई, एक सावधगिरी. आता कुणीतरी सांगेल, "फेम्टोसेकंद लेझर (अतिशय छोट्या पल्सचा) वापर, उष्णतेची भानगडच मिटली." मिटत नाही. आमच्याकडचे ऑसिलेटर सेकंदाला ८ कोटी पल्स टाकतात, दोन पल्समध्ये १२.५ नॅनोसेकंद. तुझ्या ठिपक्यातून उष्णता निघून जायला अडीच मिलीसेकंद लागतात. तोवर दोन लाख पल्स येऊन बसतात! पल्स छोटी हवी आणि दोन पल्समध्ये उसंतही हवी, सेकंदाला दहा वगैरे.

थेट_प्रश्न | गुरुवार, सकाळी १०:२०

म्हणजे मिलीवॉटच्या लेझरवर झेड-स्कॅन करून छापलेले ते सगळे पेपर खोटे? आणि ऑक्साईडमध्ये सोनं घालण्यालाही काही अर्थ नाही? सरळ बोला की.

जुना_ऑसिलोस्कोप | सकाळी ११:४५

खोटे नाहीत. मोजमाप बरोबर, पाटी चुकीची. तापण्याने अपवर्तनांक बदलतो हेही अरेषीयच. फक्त ते मिलीसेकंदांत चालतं. पेपराच्या शेवटी "अतिवेगवान प्रकाशीय स्विचसाठी उपयुक्त" असं ठोकून देतात, तिथे माझं डोकं फिरतं. अडीच मिलीसेकंदांचा स्विच? माझ्या न्हाणीघरातलं बटण तेवढ्याच वेगाने चालतं.

सोन्याला अर्थ आहे, आणि भरपूर आहे. हिरवा उजेड सोन्याच्या कणातल्या इलेक्ट्रॉनांना झोका देतो आणि कणापाशी क्षेत्र बाहेरच्यापेक्षा मोठं होतं. तिसऱ्या क्रमाच्या परिणामात त्या वाढीचा चौथा घात येतो. क्षेत्र दुप्पट झालं तर परिणाम सोळा पट. फ्रान्समध्ये रिकार, रुसिन्योल आणि फ्लितझानिस यांनी १९८५ मध्ये धातूच्या कलिलांत, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांत, हे दाखवलं. पण शोषणही वाढतं, वर्गाने. म्हणून फायदा मोजताना अपवर्तन भागिले शोषण बघायचं. नुसतं अपवर्तन सांगणं म्हणजे भाव सांगून वजन लपवणं.

आणि निव्वळ ऑक्साईडची ताकद बघायची तर दूर जायला नको, हातातला मोबाइल बघ. टचस्क्रीनवर इंडियम टिन ऑक्साईडचा पारदर्शक थर असतो. १२४० नॅनोमीटरच्या आसपास त्याची परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती दाद देतो त्याचं माप) शून्याजवळ जाते. २०१६ मध्ये रॉबर्ट बॉइड यांच्या गटाने तिथे फेम्टोसेकंद पल्सने अपवर्तनांक ०.७२ ने बदलून दाखवला, आणि तो पिकोसेकंदाच्या आत परत जागेवर. दशांश चिन्हानंतर पहिल्याच घरात बदल! हा आकडा मी दोनदा वाचला होता.

निळीशाई, तुला दोन प्रयोग देतो, पैसे लागत नाहीत.

पहिला: नमुना खड्ड्याच्या जागी ठेव, झोत चॉपरने, म्हणजे फिरत्या खाचांच्या चकतीने, तोड आणि भोकामागचा डिटेक्टर ऑसिलोस्कोपला जोड. इलेक्ट्रॉनी परिणाम असेल तर झडप उघडताच सिग्नल आपल्या जागी जाईल. उष्णता असेल तर आधी वर जाईल आणि मग सावकाश खाली घसरेल.

दुसरा: तेच कण इथेनॉलऐवजी पाण्यात घे. ५३२ ला शोषण तेवढंच ठेव. पाण्याचा अपवर्तनांक अंशाला ०.०००१ नेच बदलतो, इथेनॉलच्या पाव, आणि पाणी उष्णता साडेतीन पट चांगली वाहून नेतं. करामत कणांची असेल तर सिग्नल फारसा हलायचा नाही. स्पिरिटची असेल तर चौदा पट पडेल. आकडा आधी लिहून ठेवतो, नंतर म्हणू नकोस काकांनी जुळवून घेतला.

भोंगेवाला | दुपारी १२:१०

आधी आकडा सांगून मग प्रयोग. काका, तुम्ही आमच्या मंडळात खजिनदार हवे होतात.

टवाळ | दुपारी १२:१४

चार कोटींचे चौदाव्या हिश्शाने किती झाले ते कळवा, नवीन रिटर्न भरावं लागेल.

निळीशाई | आठ दिवसांनी, शुक्रवार, रात्री १०:५०

धागा वर काढतेय.

चॉपर नव्हता. टेबलफॅनच्या छोट्या मोटरवर पुठ्ठ्याची चकती लावली, काळा कागद चिकटवून दोन खाचा पाडल्या. खोलीतला दिवा बंद केला. ऑसिलोस्कोपवर आधी उभी भिंत आली, टोकाशी क्षणभर थांबल्यासारखी, आणि मग तिथून रेघ घसरगुंडीसारखी खाली, पाचसहा मिलीसेकंदांत सपाट. नुसत्या इथेनॉलला भिंत आणि वरची सपाट गच्ची, घसरण नाही. मी ती रेघ थांबवून मोबाइलवर फोटो काढला, आणि मग बराच वेळ नुसती बघत बसले. तीन वर्षं जे मोजत होते ते पहिल्यांदा हलताना दिसलं.

डिटेक्टरसमोर मोठं भिंग लावलं. दोन फोटॉनांचा खड्डा गायब. उपप्रकरणही गायब.

मग पाणी. कण सेंट्रिफ्यूजने खाली बसवले, पाण्यात घेऊन सॉनिकेटरमध्ये ठेवले, पहिल्या दिवशी सगळे तळाशी गोळा झाले, दुसऱ्या दिवशी थोडं पीव्हीपी (कण एकमेकांना चिकटू न देणारं पॉलिमर) घातल्यावर तरंगले. रंग तोच. ५३२ ला शोषण जुळवून घेतलं आणि स्कॅन केलं. टेकडी-खड्डा इतका बारीक की आधी वाटलं स्टेज अडकलंय. पाच वेळा केलं. इथेनॉलच्या तुलनेत सरासरी बारा पट कमी.

सरांना दाखवलं. आधी दोन दिवस बोलले नाहीत. आज सकाळी स्वतःच म्हणाले की प्रकरणाचं नाव "तिसऱ्या क्रमाचे गुणधर्म" ऐवजी "उष्णताजन्य प्रकाशीय गुणधर्म" कर, आणि ३० पिकोसेकंद, सेकंदाला दहा पल्सच्या लेझरसाठी दुसऱ्या संस्थेला पत्र टाकलंय. पुढच्या महिन्यात वेळ मिळतेय.

काका, एकच खटकतं. तुम्ही चौदा म्हणाला होतात, माझे बारा आले. बाकी दोन कणांचे धरू का?

पुरणयंत्र | रात्री ११:०२

शाब्बास गं! पुठ्ठ्याच्या चकतीचा फोटो टाक ना.

जुना_ऑसिलोस्कोप | शनिवार, सकाळी ५:५०

धरू नकोस इतक्यात. पाण्याचा तो ०.०००१ वाला आकडा पाण्याच्या तापमानाबरोबर वाढतो, २० अंशांपेक्षा तिशीच्या पुढे चांगलाच जास्त. इथेनॉलचा जवळजवळ तसाच राहतो. मी थंड खोली धरून चौदा लिहिले होते. तुमच्या लेझरच्या खोलीत त्या दिवशी किती अंश होते?

निळीशाई | सकाळी ८:२०

एसी मंगळवारपासून बंद आहे काका. भिंतीवरचा तापमापक ३३ दाखवत होता.